बालवाडीची बाई व्हायचंय? आधी दार ठरवा, मग कोर्स

बारावीचा निकाल लागला की तालुक्याच्या गावी बसस्टँडसमोर फ्लेक्स झळकतात: ‘मॉन्टेसरी टीचर ट्रेनिंग, सहा महिन्यांत डिप्लोमा, नोकरीची हमी’. पैसे भरले जातात, सर्टिफिकेट हातात पडतं आणि अर्ज करायला गेल्यावर कळतं, की हा कागद इथं चालत नाही. कोर्स वाईट असतोच असं नाही, फक्त आधी काय आणि नंतर काय हे चुकलेलं असतं. तीन ते आठ वर्षांच्या लेकरांना शिकवण्याच्या कामाला आपल्याकडे तीन दारं आहेत. कोणत्या दारातून आत जायचं ते ठरलं, तरच कोणतं प्रशिक्षण घ्यायचं ते ठरतं.

अंगणवाडी

अंगणवाड्या ज्या योजनेतून चालतात ती एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. पण ‘अंगणात भरणारी वाडी’ ही कल्पना त्याआधीच ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर राबवून दाखवली होती. सेविका आणि मदतनीस या पदांसाठी महाराष्ट्रात आता किमान बारावी उत्तीर्ण असावं लागतं. वय १८ ते ३५, विधवांना ४० पर्यंत सवलत. उमेदवार त्याच गावची रहिवासी हवी. निवड गुणांवर होते. पदवी, डी.एड., बी.एड., एमएस-सीआयटी यांचे जादा गुण धरले जातात आणि त्यांचा तक्ता जाहिरातीतच छापलेला असतो. जाहिरात बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याच्या कार्यालयाकडून निघते आणि अर्जाची मुदत थोडीच असते. म्हणून पंचायत समितीत अधूनमधून चक्कर मारत राहा.

इथं लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे प्रशिक्षण निवडीनंतर मिळतं आणि ते सरकार देतं. आधी खासगी डिप्लोमा करून ठेवण्यात हशील नाही. त्याच पैशात एमएस-सीआयटी करा. निवड झाली की राज्याचा ‘आकार’ हा अभ्यासक्रम, २०२३ पासूनचा ‘पोषण भी पढ़ाई भी’ हा कार्यक्रम आणि त्यातला तीन ते सहा वयोगटासाठीचा ‘आधारशिला’ यांतून काम शिकवलं जातं.

शिकवण्याच्या ओढीनं येणाऱ्यांनी एक मात्र समजून यावं. अंगणवाडीत दिवसाचा मोठा भाग वजन-उंची, आहारवाटप, गरोदर मातांच्या भेटी आणि पोषण ट्रॅकर ॲपमधल्या नोंदींत जातो. सहा महिने ते पाच वर्षांच्या बाळाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली असेल तर ते अतितीव्र कुपोषणाचं लक्षण, ११.५ ते १२.५ च्या दरम्यान असेल तर मध्यम. दंड मोजायची पट्टी नीट लावता येणं बडबडगीताइतकंच महत्त्वाचं आहे. डावा दंड घ्यायचा, खांदा आणि कोपर यांच्या मधोमध, हात सैल सोडलेला. पट्टी ओढून धरली की आकडा कमी येतो आणि धडधाकट पोर कुपोषितांच्या यादीत जाऊन बसतं.

खासगी बालवाडी

इथं पात्रता बहुतेक संस्थाचालकच ठरवतो. कुणी डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकाची पदविका) मागतो, कुणी पूर्वप्राथमिकची पदविका, कुणाला इंग्रजी बोलणं पुरतं. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या, म्हणजे एनसीटीईच्या २०१४ च्या नियमांत पूर्वप्राथमिक शिक्षणाची दोन वर्षांची पदविका आहे. तिला बारावीला ५० टक्के गुण लागतात. मान्यताप्राप्त महाविद्यालयांची यादी परिषदेच्या संकेतस्थळावर असते. संस्थाचालकानं भिंतीवर लावलेलं प्रमाणपत्र पाहून समाधान मानू नका, यादीत नाव शोधा. ‘सरकारमान्य’ या शब्दात सोसायटीच्या नोंदणीपासून कौशल्य विकासाच्या परवान्यापर्यंत काहीही लपू शकतं.

घर सोडणं शक्य नसेल, तर इग्नू या मुक्त विद्यापीठाची बालसंगोपन आणि शिक्षणाची पदविका विचारात घ्या. बारावीनंतर, किमान एक वर्ष, ३२ श्रेयांक. एका श्रेयांकामागे ३० तासांचा अभ्यास धरलेला आहे, म्हणजे सगळे मिळून ९६० तास. तीन विषय लेखी, चौथा प्रकल्पाचा. बालविकास, आरोग्य आणि आहार यांचा पाया या पदविकेत चांगला होतो. पण प्राथमिक शिक्षकाच्या पात्रता परीक्षेसाठी, म्हणजे टीईटीसाठी, ती चालत नाही.

‘मॉन्टेसरी’ हे नाव कुणाच्या मालकीचं नाही, ते कुणीही लावू शकतं. त्यामुळे अशा कोर्सला गेलात तर तीन गोष्टी विचारा. साधनांचा पूर्ण संच वर्गात आहे का? तो प्रशिक्षणार्थींना हाताळायला मिळतो का? आणि प्रत्यक्ष मुलांमध्ये किती आठवडे काम करावं लागतं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आठवड्यांऐवजी ‘व्हिजिट’मध्ये आलं, तर उठून या.

जिल्हा परिषदेची पहिली-दुसरी

२०२० च्या शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ हा एकच पायाभूत स्तर मानला, म्हणजे पहिली आणि दुसरीही बालशिक्षणात आली. या वर्गांसाठी मार्ग ठरलेला आहे: बारावीनंतर दोन वर्षांचं डी.एल.एड., मग टीईटीचा पहिला पेपर, मग शिक्षक अभियोग्यता चाचणी आणि शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल. टीईटीचा पेपर १५० गुणांचा. बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित, परिसर अभ्यास यांना प्रत्येकी ३०. खुल्या गटाला ६० टक्के म्हणजे ९० गुण लागतात. ‘बी.एड. केलं की कुठंही चालतं’ हा समज अजून गावोगाव आहे. ११ ऑगस्ट २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पहिली ते पाचवीला बी.एड. ही पात्रता राहिलेली नाही.

बारावी विज्ञान झालेल्यांसाठी बालविकास शिकण्याची आणखी एक वाट आहे आणि तिची चर्चा फार कमी होते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं सामुदायिक विज्ञान महाविद्यालय, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडचं ‘होम सायन्स’. चार वर्षांच्या या पदवीत मानव विकास हा विषय आहे.

कागदपत्रं

अर्ज बाद होतात ते गुणांमुळे कमी आणि नावामुळे जास्त. गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच. विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि राजपत्रातली नावबदलाची नोंद आधीच काढून ठेवा, जाहिरात आल्यावर या दोन्हीला वेळ पुरत नाही. रहिवासी दाखला, जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअरची मुदत तपासा. अंगणवाडीसाठी लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्रही लागतं. प्रत्येकाच्या तीन साक्षांकित प्रती एका फाईलमध्ये असू द्या.

निरीक्षणाची वही

आता खऱ्या प्रशिक्षणाकडे. कुठल्याही कोर्सला जा, सगळ्यात कंटाळवाणं वाटणारं आणि सगळ्यात उपयोगी पडणारं काम एकच: मुलाकडं बघणं आणि जे दिसलं ते लिहिणं. बहुतेक प्रशिक्षणार्थी ही वही परीक्षेच्या आदल्या रात्री भरतात. परीक्षकाला ते पहिल्याच पानावर कळतं, कारण रात्री भरलेल्या वहीत सगळी मुलं ‘हुशार’, ‘चंचल’ नाहीतर ‘लाजाळू’ असतात.

पद्धत अशी. एक मूल निवडा, दहा मिनिटं फक्त त्याच्याकडं पाहा. तारीख, वेळ, जागा, सोबत कोण, एवढं वर लिहा. खाली क्रियापदं लिहा, विशेषणं नको. ‘त्याला राग आला’ हे निरीक्षण नव्हे. ‘मनोरा पडला. दोन्ही हातांनी ठोकळे ढकलले, भिंतीकडं तोंड करून बसला, चार मिनिटांनी परत येऊन तळाला मोठा ठोकळा ठेवला’ हे निरीक्षण. पहिल्या वाक्यावरून तुम्हाला काहीच करता येत नाही. दुसऱ्यावरून कळतं की मूल आपलं आपण शांत होतं, चूक कुठं झाली ते ओळखतं, आणि उद्या त्याला आणखी चार ठोकळे द्यायला हरकत नाही. अर्थ लावायचाच असेल तर पानाच्या उजवीकडं वेगळा रकाना आखा आणि तिथं लिहा.

एकाच मुलाची आठवड्यातून दोनदा, सलग आठ आठवडे नोंद ठेवली की सोळा पानं होतात. वीस मुलांची एकेक नोंद करण्यापेक्षा या सोळा पानांतून जास्त शिकायला मिळतं.

बघताना वयाचे काही टप्पे डोक्यात हवेत. साधारण तीन वर्षांचं मूल गोल बघून गोल काढतं, चौथ्या वर्षी फुली, साडेचारच्या आसपास चौकोन, पाचव्या वर्षी त्रिकोण. ‘अ’ मध्ये गोलाई, आडवी रेघ, उभी रेघ आणि वरची शिरोरेषा एकत्र येतात. ज्या हाताला अजून फुली जमत नाही त्याच्याकडून पाटीवर ‘अ’ गिरवून घेतला, की मूल पेन्सिल मुठीत आवळायला लागतं आणि ती सवय दुसरीपर्यंत सुटत नाही. ‘आमच्या लेकराला एबीसीडी कधी येणार?’ असं पालक विचारणारच. त्यांना हे टप्पे दाखवता आले पाहिजेत. पाटीऐवजी कणीक मळणं, चिमटीनं तुरीचे दाणे उचलणं, झाकणं फिरवणं ही लिहिण्याचीच तयारी आहे, हे घरच्या भाषेत सांगा.

साधनं हातानं करायला शिका

विकतचा संच मिळाला तर उत्तम. पण परीक्षेला हातानं केलेली साधनं मागतात आणि नोकरीतही तीच कामाला येतात.

खेळाची कणीक: दोन वाट्या मैदा, अर्धी वाटी मीठ, दोन चमचे तेल, चिमूटभर तुरटीची पूड आणि पाऊण वाटीच्या आसपास पाणी. पाणी थोडं थोडं घाला, चिकटायला लागली की थांबा. पिवळ्या रंगाला हळद, गुलाबीला बीट. मीठ कमी पडलं तर दोन दिवसांत बुरशी धरते, जास्त झालं तर मुलांच्या हाताच्या चिरांना झोंबतं. झाकणाच्या डब्यात आठवडाभर टिकते. एप्रिल-मेच्या उन्हात तिचा भरवसा नाही, रोज वास घेऊन बघा.

चिकटवायला मैद्याची खळ शिजवा, पण पुस्तकबांधणीवाले घालतात तसं मोरचूद तिच्यात घालू नका. ते विष आहे आणि मुलांची बोटं तोंडात जाणारच. दोन दिवसांपुरतीच खळ करा.

खरखरीत अक्षरं: पुठ्ठ्यावर १२० नंबरच्या पॉलिश पेपरची अक्षरं कापून चिकटवायची. ६० नंबरचा घेतला तर बोटं सोलतात आणि मूल अक्षराला हात लावायला घाबरतं. अक्षर चार इंच उंच असावं, फिरवताना तर्जनी आणि मधलं बोट वापरायचं. वर्णमालेच्या क्रमानं जाऊ नका. ग, म, न, र, स, ब अशी सोपी वळणं आधी घ्या. त्यांच्यातूनच ‘नग’, ‘बस’, ‘सरबस’ असले खरे-खोटे शब्द मुलं स्वतः जुळवायला लागतात.

मोजण्यासाठी चिंचोके, बाटलीची झाकणं, ज्वारीच्या धांड्यांचे बोटभर तुकडे. धांड्याची साल ब्लेडसारखी कापते, सोलूनच द्या. पाच चिंचोके मोजून झाल्यावर ‘किती झाले?’ असं विचारा. मूल पुन्हा एकपासून मोजायला लागलं, तर त्याला आकड्यांची ओळ पाठ आहे, पण शेवटचा आकडा म्हणजे सगळ्यांची संख्या हे अजून उमगलेलं नाही. अशा मुलाला दहापुढं नेऊ नका.

वर्गात काय आणायचं नाही, हेही साधनांइतकंच नीट शिका. गुंजा दिसायला देखण्या, पण विषारी. बांधावरच्या एरंडाच्या बिया आणि धोतऱ्याची बोंडं तशीच. सीताफळाच्या बिया बालाघाटच्या डोंगररांगेत ढिगानं मिळतात, पण त्यांची पूड डोळ्यात गेली तर मोठी इजा होते, तेव्हा त्याही नको. तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती जी वस्तू सव्वा इंचाच्या नळीतून आरपार जाते ती द्यायची नाही, ती घशात अडकू शकते. मोठ्या मुलांचा धोका वेगळा: तुरीचा नाहीतर हरभऱ्याचा दाणा नाकात जातो, ओलाव्यानं फुगतो. तो चिमट्यानं काढायच्या फंदात पडू नका, आणखी आत सरकतो. सरळ दवाखाना.

टाचण आणि सराव पाठ

टाचण, म्हणजे पाठाचा लेखी आराखडा, एका पानाचं असावं. वरती वयोगट, मुलांची संख्या, उद्दिष्ट एकच. ‘रंग, आकार आणि संख्या यांची ओळख’ असं तिहेरी उद्दिष्ट लिहिणाऱ्यांचा पाठ हमखास फसतो. गोष्ट तीन वर्षांच्या गटाला आठ-दहा मिनिटं, पाच वर्षांच्या गटाला पंधरा. पुस्तक आपल्या खांद्याच्या बाजूला, चित्र मुलांकडं करून धरा. त्यासाठी मजकूर आधी पाठ हवा, नाहीतर वाचण्यासाठी पुस्तक आपल्याकडं वळतं आणि मुलं पाठीमागचं कव्हर बघत बसतात. ‘समजलं का?’ विचारू नका, सगळे ‘होऽऽ’ म्हणतात. ‘आता तो कुठं लपला असेल?’ असं विचारा.

सगळ्यात जास्त गोंधळ दोन कृतींच्या मधल्या वेळात होतो, पाठात नव्हे. गोष्ट संपली आणि कागद वाटेपर्यंत तीन मिनिटं गेली, की ढकलाढकली सुरू. म्हणून वाटपाची सामग्री पाच-पाचच्या गठ्ठ्यांत आधीच लावून ठेवा आणि मधल्या वेळेसाठी एक हातवाऱ्यांचं बडबडगीत राखून ठेवा. ओरडून शांत करण्याची सवय प्रशिक्षणातच लागते आणि घसा वर्षभरात बसतो. आवाज उतरवून बोलायला लागलात तर पुढची चार पोरं ऐकायला गप्प होतात, मागची त्यांच्याकडं बघून.

वर्गाची जागा मोजायला शिका. केंद्र सरकारच्या मानकांत ३० मुलांसाठी ३५ चौरस मीटर खोली आणि बाहेर किमान ३० चौरस मीटर मोकळी जागा धरली आहे. तीन ते सहाच्या गटात २० मुलांमागे एक मोठं माणूस, तीन वर्षांखाली १० मागे एक. सरावाला गेलात तिथं एका बाईकडं पन्नास मुलं असतील तर गोल करून बसवण्याचा पाठ जमणार नाही. तीन कोपरे करा, दोन कोपऱ्यांत आपापलं चालणारं काम ठेवा आणि तिसऱ्यात तुम्ही बसा.

मुलाची बोली आणि मराठवाड्याचं वर्ष

देगलूर-बिलोलीकडं घरात तेलुगू, उदगीर-उमरग्याकडं कन्नड, बंजारा तांड्यावर गोरमाटी, शहरातल्या मोहल्ल्यात दखनी उर्दू. जे मराठी बोलतात तेही ‘काहून’, ‘लई’, ‘भाकर’ असंच बोलतात. पहिले दोन महिने ‘भाकर नाही, भाकरी म्हण’ असं दुरुस्त करत बसलात तर मूल बोलणंच बंद करतं. मूल ‘मला भाकर पायजे’ म्हणालं तर ‘बरं, तुला भाकरी हवी का? घे’ म्हणा. तुमचा शब्द त्याच्या कानावर पडतो आणि त्याचा शब्दही खोटा ठरत नाही. प्रशिक्षण चालू असतानाच त्या त्या बोलीतले वीसेक शब्द लिहून घ्या: पाणी, शी, शू, दुखतंय, आई, भूक, घरी. तांड्यावरच्या मुलाला पोटात दुखतंय हे सांगता आलं नाही, तर तुमचं बालमानसशास्त्र त्याच्या काही कामाचं नाही.

वर्षाचं नियोजन पुस्तकातल्या महिन्यांवर करू नका. जूनमध्ये पेरणी आणि बी-बियाणं, श्रावणात पोळ्याचा बैल, मार्गशीर्षात लातूर-धाराशिवकडं येळवस (वेळ अमावस्या), थंडीत हुरडा. पाढ्यापेक्षा या विषयांवर पोरं जास्त बोलतात. बीड आणि आसपासच्या ऊसतोडीच्या गावांत दिवाळीच्या आगेमागे घरं रिकामी होतात आणि मुलं गुढीपाडव्याच्या सुमारास परततात. तिथं ओळीनं चढत जाणारं वार्षिक नियोजन मोडून पडतं. सहा-सहा आठवड्यांचे सुटे गट करा, म्हणजे परत आलेलं मूल मधूनच सामील होऊ शकतं. जाणाऱ्या मुलाच्या आईजवळ त्याचं वय, वजन आणि लसीकरणाची नोंद असलेलं कार्ड द्या, कारखान्याच्या फडावर तेवढंच उपयोगी पडतं.

सुरक्षिततेचं मोजकं: मुलाला ठरलेल्या माणसाशिवाय कुणाच्याही हवाली करायचं नाही, शी-शूसाठी मदत करताना दार उघडं, आणि अत्याचाराची शंका आली तर चौकशी स्वतः करत बसायचं नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, दडवणं हा गुन्हा. चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८. संस्थाचालक ‘आपण बघून घेऊ’ म्हणाले तरी कळवण्याची जबाबदारी तुमच्यावरून उतरत नाही.

मुलाखतीतला डेमो

खासगी बालवाडीत बहुधा पंधरा मिनिटांचा पाठ घ्यायला लावतात, कधी समोर मुलं, कधी नुसत्या खुर्च्यांवर तीन मोठी माणसं. एकच कृती न्या, साधनं स्वतःच्या पिशवीत. पाच मिनिटं गाणं किंवा गोष्ट, सात मिनिटं मुलांच्या हातांना काम, तीन मिनिटं आवराआवर. बहुतेक उमेदवार आवराआवरीला वेळच ठेवत नाहीत. मुलांकडूनच वस्तू डब्यात टाकून घ्या आणि मोजा. तीस चिंचोके दिले असतील तर तीस परत यायला हवेत. एकोणतीस आले, तर परीक्षक थांबले असले तरी आधी तिसावा कुणाच्या खिशात, तोंडात की नाकात आहे ते बघा.